डब्यातला ओगर: डेटॉलमध्ये बुडवू की राहू देऊ?

ट्रेंटकाठचा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी इंग्लंडातल्या नेवार्कच्या बाहेर एका शेतात कार बूट सेल लागला होता. ठाऊक नसलेल्यांसाठी: लोक पहाटे गाड्या ओळीने लावतात, डिकी उघडतात आणि माळ्यावरचं भंगार मांडून बसतात. आपला जुना बाजारच, फक्त सोबत चहाऐवजी बेकन रोल. तिथे एका आजींकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. उचलला तर मनगट खाली गेलं. एवढ्याशा डब्याला इतकं वजन म्हणजे आत शिसंच असणार. बारा पौंड म्हणाल्या, मी घासाघीस न करता दिले. (बायकोला दहा सांगितलेत. वाचत असशील तर नमस्कार.)

घरी येऊन वर्तमानपत्रावर ओतलं. ४३ नग, टेबलावर खेळायच्या युद्धखेळातल्या शिशाच्या छोट्या मूर्ती. गॉब्लिन, ऑर्क, चार-दोन ड्वार्फ, एक सांगाडा. बहुतेकांच्या पायाखालच्या पट्टीवर सिटाडेल या मूर्ती ओतणाऱ्या कंपनीचं नाव आणि १९८५, १९८६ अशी सालं. रंगवलेले यथातथाच.

आणि एक ओगर. ओगर म्हणजे ढेरपोट्या राक्षस, ताकदीने दांडगा, बुद्धीने बेताचा. याची उजव्या हातातली गदा कोणीतरी मनगटापासून कापली आहे आणि तिथे मिलिपुटचा (मळून लावायची, वाळून दगड होणारी कणीक) नवा हात बसवून त्यात स्वयंपाकाची पळी दिली आहे. पाठीवर टोपली. टोपली चक्क फ्यूजच्या तारेची विणलेली, आत बाहेर आत बाहेर, बुरुडाने विणावी तशी. टोपलीत एक गॉब्लिन मागे तोंड करून बसलेला, म्हणजे बसलेला असावा, कारण त्याला डोकं नाही. मानेवर फक्त पिवळट सुकलेला गोंद. रंग हंब्रॉलचा एनॅमल वाटतो, इतका जाड की पोटावरच्या वळ्या बुजल्यात. बेसच्या खाली पेन्सिलीने लिहिलंय: "आर. ८६".

जुना रंग उतरवायला सवयीप्रमाणे डेटॉलची बाटली काढली, बरणी धुतली आणि थांबलो. दोन दिवस बरणी रिकामीच आहे. काय करू?

शिसेबहाद्दर

बुडव. यात विचारायचं काय?

नव्या लोकांसाठी कृती देतो. तपकिरी डेटॉल, निव्वळ, पाण्याचा थेंब नको. झाकणाची काचेची बरणी. अॅक्रिलिकला एक दिवस पुरतो, एनॅमलला दोन-तीन लागतात. मग जुन्या टूथब्रशने घासायचं. इथेच सगळे आपटतात: लगेच नळाखाली धरायचं नाही! डेटॉल पाण्यात पडला की दुधाळ होतो ना, तसा सुटलेला रंग पाणी लागताच डांबरासारखा चिकट होऊन परत मूर्तीला बसतो. पहिली धुलाई ताज्या डेटॉलनेच, मग साबण आणि पाणी. हातमोजे घाला. घराला आठवडाभर दवाखान्याचा वास येईल, त्याची मानसिक तयारी ठेवा.

त्या काळचा ओगर आहे, त्यावर कोणा पोराने लपका मारलाय आणि हात कापून नासवलाय. रंग काढ, मिलिपुट खरवड, मूळ रूपात आण. संग्राहक म्हणून सांगतो, फेरफार केलेल्या मूर्तीला बाजारात कोणी विचारत नाही.

गिरमिट

बहाद्दरशेठ, कापलेला हात परत उगवतो का हो? त्या काळचे हे ओगर एकसंध ओतलेले. गदा गेली ती १९८६ मध्येच गेली. डेटॉलमधून बाहेर निघेल तो थोटा ओगर. आधी निदान त्याच्या हातात पळी तरी होती.

शिसेबहाद्दर

मोडका जुळा ओगर शोधायचा आणि त्याचा हात लावायचा. मी असे तीन दुरुस्त केलेत.

गिरमिट

म्हणजे दुसऱ्या ओगरचा हात कापून याला जोडायचा. त्याला आमच्यात कन्व्हर्जन म्हणतात. :)

खारघरची_मावशी

मी पाककृतींच्या धाग्यावरून चुकून इकडे आले, पळी वाचून थांबले. हे नक्की काय प्रकरण आहे? मोठी माणसं बाहुल्यांचे हात कापतायत आणि डेटॉलमध्ये बुडवतायत. कोणीतरी समजावून सांगा, नाहीतर मी पोलिसांना फोन करते.

ट्रेंटकाठचा

मावशी, फोन ठेवा, सांगतो.

टेबलावर खेळायचं युद्ध. पट नाही, घरं नाहीत. फौज इंचपट्टीने मोजून पुढे सरकवायची, नेम लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं. दोन्ही बाजूंना बोटभर उंचीचे सैनिक, साधारण २८ मिलिमीटरचे. ते आपणच जोडायचे, आपणच रंगवायचे. खेळ तीन तासांचा, तयारी तीन महिन्यांची. निम्मे लोक तर खेळतच नाहीत, नुसते जमवतात आणि रंगवतात.

मी जिथे राहतो तिथेच हे सगळं वाढलं. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनला निघाली. मूर्ती ओतायला १९७९ मध्ये ब्रायन अॅन्सेल यांच्यासोबत नेवार्कला सिटाडेल काढली. वॉरहॅमर हा कल्पनेतल्या राज्यांचा खेळ १९८३ चा, त्याचा अवकाशातला भाऊ वॉरहॅमर ४०,००० हा १९८७ चा. आज कंपनीचं मुख्यालय नॉटिंगहॅमच्या लेन्टन भागात आहे. तिथून फुटून निघालेल्या लोकांनी आसपास इतक्या कंपन्या काढल्या की या पट्ट्याला लोक गमतीने 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात. पेरी हे जुळे भाऊ, वॉरलॉर्ड, मँटिक, फाउंड्री, सगळे इथलेच. त्यामुळे इथल्या आजींच्या माळ्यावर असा डबा सापडणं म्हणजे कोल्हापुरात कोणाच्या माळ्यावर तालमीची जोडी सापडण्यासारखं.

कन्व्हर्जन म्हणजे तयार मूर्तीत फेरफार. याचं डोकं त्याला, हातात भाल्याऐवजी कंदील, अंगावर पोटीचा अंगरखा. पोटी म्हणजे ती दोन रंगांची कणीक, एकत्र मळली की काही तासांत दगड.

खारघरची_मावशी

कळलं. मग ओगरच्या हातात पळी देणारा माणूस मला आवडला. त्याला बुडवू नका.

आम्ल_अल्कली

बुडवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी शिशाबद्दल बोलतो, कारण कोणी बोलत नाहीये.

ऐंशीच्या दशकातल्या मूर्ती म्हणजे शिसं आणि कथील, बहुधा थोडं अँटिमनी. शिसं जास्त असेल तर पायाखालची पट्टी कागदावर ओढून बघा, पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. अमेरिकेत १९९३ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात शिशावर बंदीची हालचाल सुरू झाली, तेव्हा सिनसिनाटीच्या राल पार्था कंपनीने रालिडियम नावाचा बिनशिशाचा मिश्रधातू आणला. हळूहळू बाकीच्यांनीही शिसं सोडलं. नवी धातूची मूर्ती कडक असते, वाकवायला गेलं तर कटकन तुटते. जुनी मऊ असते.

हाताळून विषबाधा होत नाही, पण कानस मारताना उडणारी पूड पोटात जाते. कानस ओली करून घासा, खाली ओला कागद ठेवा, नंतर हात धुवा. ब्रशला टोक काढायला तो जिभेवर फिरवायची सवय असेल तर ती सोडा. लहान मुलांच्या हाती अजिबात नको.

दुसरं म्हणजे शिशाची बुरशी. बुरशी नाहीच ती, शिशाचं कार्बोनेट आहे. पांढरी भुकटी धरते आणि मूर्ती आतून पोखरते. कारण लाकूड! ओक आणि एमडीएफसारख्या लाकडातून अॅसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते, बंद कपाटात ती साठते, जोडीला दमट हवा. लोक हौसेने लाकडी काचेचं कपाट करून घेतात आणि त्यातच मूर्ती मारतात. तुमच्या आजींनी पत्र्याच्या डब्यात ठेवल्या म्हणून ४० वर्षं टिकल्या. कोकणात किंवा मुंबईत कोणी ठेवत असेल तर प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलची पुडी.

तिसरं, धाग्याच्या विषयावर: डेटॉल मिलिपुटला सहसा फारसं काही करणार नाही, पण जुना गोंद सुटू शकतो. टोपली पाठीला कशाने चिकटवली आहे ते आधी बघा. बुडवली आणि तार मोकळी झाली तर ती परत तशी विणणारा तुम्हाला मिळायचा नाही.

ट्रेंटकाठचा

हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता भिंगाखाली पाहिलं. टोपलीला खिळा नाही, नुसता गोंद. बरणी कपाटात गेली.

पेठेतला_मावळा

मी हे वॉरहॅमर कधी खेळलेलो नाही, पण धागा वाचून घरच्या दिवाळीत जाऊन आलो.

आमच्या वाड्यात किल्ला करायचो. दगड, विटा, पोत्यावर मातीचा चिखल, वर हळीव पेरायचं म्हणजे आठवड्यात डोंगर हिरवा. चित्रं कुंभारवाड्यातून आणायची. महाराज सिंहासनावर, पहारेकरी, तोफ, आणि मावळे. मावळे मात्र सगळे एकाच साच्याचे. तीस मावळे आणि तिसांचा उजवा हात एकाच कोनात वर. मोठ्या भावाला ते खपायचं नाही. तो ब्लेडने हात खरवडायचा, काडेपेटीची काडी बसवायचा, वर गव्हाच्या पिठाची खळ आणि कापूस, मग पोस्टर कलर. एक मावळा त्याने दोरावरून चढणारा केला होता. एकाच्या पाठीवर घोरपड बांधली होती. ती दंतकथा आहे की इतिहास यावर वडिलांशी वाद घातला आणि शेवटी घोरपड राहिली.

तो मावळा अजून आहे. हात दोनदा तुटलाय, रंग उडालाय. त्याला कोणी 'मूळ रूपात' आणतो म्हणालं तर भाऊ त्याचं काय करेल ते इथे लिहिता येत नाही.

फक्त_वाचक

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

गिरमिट

मावळ्याचा भाऊ आणि तो 'आर' एकाच गल्लीतले म्हणायचे.

बहाद्दरशेठना राग येईल, तरी लिहितो. १९८६ मध्ये कन्व्हर्जन ही चैन नव्हती, गरज होती. जुन्या मूर्ती रबराच्या साच्यात ओतायच्या. दोन चकत्यांमध्ये मूळ प्रत दाबून रबर भाजायचं, मग साचा गरगर फिरवत मधून वितळलेला धातू सोडायचा, तो कडेपर्यंत पळतो. साचा दोनच भागांचा, त्यामुळे मूर्ती थोडी चपटी येते. दोन्ही हात बाजूला, तोंड समोर, पाठीमागे काही अडकलेलं नको. टोपलीत बसून मागे बघणारा गॉब्लिन त्या साच्यातून एकसंध निघणंच शक्य नव्हतं. 'आर'ने साच्याला जे जमत नव्हतं ते केलं.

शिवाय कंपनीच तेव्हा लोकांना उचकवायची. व्हाइट ड्वार्फ मासिकात त्या दशकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा उडता रणगाडा कसा करायचा याचा लेख आला होता. जुन्या खेळाडूंना अजून विचारा, डोळे चमकतात. १९८७ पासून गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली, तिथेही फेरफार केलेल्या मूर्ती मानाने मांडल्या जायच्या. कंपनीचे चित्रकार जॉन ब्लांश यांनी तर कन्व्हर्जनची एक वेगळीच शैली रुजवली. गंजलेल्या, ठिगळं लावलेल्या, अर्धवट यंत्र झालेल्या आकृत्या. पुढे त्या मासिकात त्यांच्याच नावावरून ब्लांशित्सू नावाचं सदर चालायचं.

मग वारं फिरलं. नियमपुस्तकात एखादा प्राणी असायचा पण त्याची मूर्ती बाजारात नसायची, ती तुम्ही घडवायची. चॅप्टरहाउस स्टुडिओज नावाची छोटी अमेरिकन कंपनी अशा मोकळ्या जागा भरणारे सुटे भाग विकायला लागली. गेम्स वर्कशॉपने २०१० मध्ये दावा लावला, २०१३ मध्ये ज्यूरीने दोघांनाही थोडं थोडं दिलं. त्यानंतर नियम फक्त जी मूर्ती दुकानात आहे तिचेच यायला लागले. दोन्हींचा संबंध आहे असं बहुतेक जुने खेळाडू मानतात, मीही मानतो. खोक्यात जे मिळतं तेच खरं, असं वाटणारी अख्खी पिढी त्यातून तयार झाली.

शिसेबहाद्दर

राग आलेला नाही. पण नाण्याची दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी.

मी जमवतो कारण या वस्तू संपत चालल्या आहेत. साचे झिजले, काही वितळवले. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉपने जुनं वॉरहॅमर जगच बुडवलं, त्याजागी एज ऑफ सिगमार आणलं, चौकोनी बेस गेले आणि गोल आले. एका गड्याने चिडून आपली डार्क एल्फ फौज पेटवल्याचा व्हिडिओ टाकला होता, इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०२४ च्या जानेवारीत ओल्ड वर्ल्ड नावाने चौकोन परत आले, तेही मोठे होऊन. पूर्वी माणसांना २० मिलिमीटरचा चौकोन असायचा, आता २५. ऑर्कना २५ होता तो ३०. मी फौजेचे बेस बदलायला घेतले आणि १७ ऑर्कनंतर सोडून दिले. कंपनीला आठवण ठेवायची गरज नसते, त्यामुळे ती आपण ठेवायची. मूळ मूर्ती मूळ अवस्थेत कुठेतरी असलीच पाहिजे. नाहीतर ४० वर्षांनी मूर्तिकाराने मुळात काय घडवलं होतं ते कळणार कसं? केव्हिन अॅडम्सचे गॉब्लिन बघा. प्रत्येकाचं नाक वेगळं, प्रत्येकाचं हसू वेगळं. त्यावर एनॅमलचे तीन थर चढवले तर गॉब्लिन आणि बटाटा यात फरक राहत नाही.

एवढं म्हणतो की हा एक ओगर राहू द्या. बाकीचे ४२ मात्र बरणीत जायला हवेत.

ट्रेंटकाठचा

४२ बद्दल दुमत नाही. पहिले सहा आजच बरणीत गेले. एका गॉब्लिनच्या रंगाखाली दातात अडकलेलं हाडूक सापडलं! ४० वर्षं दिसत नव्हतं.

डोंबिवली_ऑर्क

सगळे इंग्लंडातल्या शेतात फिरतायत, आम्ही काय करायचं? इथे एका प्लास्टिक खोक्याची किंमत, त्यावर कुरियर, त्यावर सीमाशुल्क म्हटलं की घरी तोंड दाखवायची सोय राहत नाही. मागे ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'अस्सल, स्वस्त' म्हणून मागवलं तर नकली ओतीव निघाली, रेझिनमध्ये इतके बुडबुडे की सुरतेची घारी वाटावी.

तर देशी जुगाड. पाच वर्षांच्या चुकांमधून आलेलं आहे.

पोटी: एमसील चालते पण रवाळ असते, फार लवकर धरते आणि चेहऱ्याला अजिबात नको. बेसवरचे दगड, झाडाची खोडं, भिंती यांना उत्तम. शिल्पकार क्ले त्याहून मऊ, भित्तिचित्रं करणाऱ्या काकूंमुळे प्रत्येक स्टेशनरीत मिळते. ढोबळ आकार त्यात उठवा. चेहरा, बोटं, कापडाच्या चुण्या यांना ग्रीन स्टफच हवं, पण एक पट्टी वर्षभर पुरते. ही निळी-पिवळी पट्टी येते, मधे जिथे दोन रंग चिकटलेले असतात ती कड कापून टाका, तिथे पोटी आधीच कडक झालेली असते आणि मळताना कण येतात. पिवळी जास्त घेतली तर मऊ आणि चिकट, निळी जास्त तर कडक आणि धारदार कड येते. हत्याराला पाणी किंवा किंचित व्हॅसलीन. आणि मळल्यावर लगेच धावू नका, वीसेक मिनिटं थांबा, तोवर ती च्युइंगगम असते.

सांधा: नुसत्या फेविक्विकवर धातूचा हात टिकत नाही. सोनाराचं हातगिरमिट घ्या, एक मिलिमीटरचं पातं, दोन्ही बाजूंना भोक, मधे कागदाच्या क्लिपची तार. समोरासमोर भोक पाडायला एका बाजूच्या भोकात रंगाचा ठिपका ठेवा आणि दुसरी बाजू टेकवा, खूण उमटते. प्लास्टिकला फेविक्विक वापरू नका, प्लास्टिक सिमेंट वापरा, ते पॉलिस्टायरीन विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं.

कच्चा माल: क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्ल्यांत प्लास्टिकच्या प्राण्यांची पिशवी मिळते. पालीवर खोगीर चढवलं की ऑर्कचं वाहन तयार. माझ्या सरदाराच्या खांद्यावरची केसाळ शाल म्हणजे भांडी घासायच्या ब्रशचे केस.

ब्रश: मुंगसाच्या केसांचा ब्रश कोणी 'जुना स्टॉक आहे, खास तुमच्यासाठी' म्हणून दाखवला तर उलट पावली फिरा. मुंगूस वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो ब्रश विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा. २०१९ मध्ये देशभर धाडी पडल्या होत्या. कृत्रिम केसांचा ब्रश टोक लवकर वाकवतो, पण मुंगूस जिवंत राहतं.

खेळ: ५० जणांची फौज उभी करायच्या भानगडीत पडू नका. फ्रॉस्टग्रेव्ह बघा. एक जादूगार, एक शिष्य, आठ भाडोत्री, बस्स. मूर्ती कोणत्याही कंपनीच्या चालतात. आमच्या टोळीत एक जण स्वयंपाकघरातल्या चुंबकावरचा प्लास्टिकचा शेफ आहे.

खारघरची_मावशी

पुन्हा स्वयंपाकघर. माझा पाठिंबा कायम.

आम्ल_अल्कली

सुरतेच्या घारीत बुडबुडे नसतात.

डोंबिवली_ऑर्क

तुम्ही आमच्या कोपऱ्यावरची खाल्ली नाहीत.

निखळ_राळ

कोणीच थ्रीडी प्रिंटचं नाव काढलं नाही, आश्चर्य आहे. माझ्याकडे रेझिन प्रिंटर आहे. ओगर स्कॅन करा, हात डिजिटल लावा, डोकं डिजिटल लावा, रात्रभरात नवा तयार. १९८६ चा 'आर' आज असता तर हेच करत बसला असता.

गिरमिट

असेलही. पण स्कॅनमध्ये फ्यूजची तार येणार नाही, टोपलीच्या आकाराचा ठोकळा येईल. आणि कच्चं रेझिन उघड्या हाताने हाताळू नका हो. नायट्राइलचे मोजे, खिडकी उघडी, अल्कोहोलने धुवून नीट उन्हात किंवा यूव्हीखाली पक्कं करा. एका ओळखीच्या माणसाची बोटं महिनाभर सोलत होती.

निखळ_राळ

मोजे घालतो. बाकी मुद्दा मान्य नाही, पण ओगर गोड आहे.

ट्रेंटकाठचा

अपडेट. उशीर झाला, माफी.

ओगरला बुडवलं नाही. कोमट पाण्यात थेंबभर भांड्याचा साबण, मऊ ब्रश, टोपलीला हात न लावता. ४० वर्षांचं काजळ निघालं. पोटावर जो मळ वाटत होता तो डाग निघाला, मुद्दाम रंगवलेला. रश्श्याचा ओघळ, पळीपासून बेंबीपर्यंत. पळीच्या आतही तोच तांबूस रंग आणि त्यात बारीक पांढरे ठिपके. कांदा असावा. वय वर्षं किती असेल 'आर'चं? चौदा? पंधरा?

मग बिनडोक गॉब्लिनकडे वळलो. नवा हात, नवी टोपली असलं काही करणार नव्हतो, पण डोकं हवं होतं. तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी तारेच्या टोकावर ग्रीन स्टफचा वाटाणा बसवला आणि तसाच वाळू दिला. सगळं एका बैठकीत करायला गेलो की डोळे बसवताना नाक चेपतं. दुसऱ्या दिवशी जबडा, नाक. तिसऱ्या दिवशी कान. कान चार वेळा काढून टाकले. पाच मिलिमीटरच्या डोक्याला कान म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी पोटी, ती आपल्या श्वासाने हलते. शेवटी गॉब्लिन मागे बघून जीभ काढतोय असा झाला. अॅडम्सच्या पायाशी बसायची लायकी नाही, पण गॉब्लिन आहे, बटाटा नाही. तेवढाच रंगवला, तोही हंब्रॉलने, शेजारच्या रंगाशी जुळावा म्हणून.

काल रात्री बसवायच्या आधी डबा पुसायला घेतला. तळाशी मेणकागद चिकटलेला होता. तो सोलला तर खाली शिशाची धूळ, एक तुटलेला भाला, आणि डोकं.

त्याचं डोकं. मानेचा काप जुळतो, काठावर तोच पिवळट गोंद. दुसऱ्या कुठल्यातरी गॉब्लिनचं कापलेलं आहे, कारण धडाच्या मानाने जरा मोठं आहे. ते ओरडतंय. तोंड सताड उघडं आणि आतली जीभ लाल रंगवलेली. म्हणजे मुळात तो वाकुल्या दाखवत नव्हता. कढईत जायचंय हे त्याला कळलं होतं.

आता टेबलावर दोन डोकी आहेत.

पेठेतला_मावळा

अरे बाप रे.

शिसेबहाद्दर

यात प्रश्नच नाही. मूळ डोकं मूळ धडावर. तुझं चांगलं झालं असेल तर ते दुसऱ्या गॉब्लिनला लाव.

खारघरची_मावशी

माझं मत वेगळं. त्या बिचाऱ्याने ४० वर्षं डब्याच्या तळाशी ओरडत काढली. आता थोडी जीभ काढू द्या.

गिरमिट

दोघांचं ऐक. मानेत आणि दोन्ही डोक्यांत चुंबक बसव. नियोडिमियमचे २ बाय १ मिलिमीटरचे मिळतात. तुझ्या डोक्यात पोटी आहे, सहज भोक पडेल. त्याचं शिशाचं आहे, गिरमिट हाताने हळू फिरव, पातं अडकलं तर जोर लावू नकोस, उलटं फिरवून पूड काढ. घरी पाहुणे असतील तेव्हा मूळ डोकं, खेळताना तुझं.

शिसेबहाद्दर

४० वर्षांच्या डोक्याला भोक??

गिरमिट

एक मिलिमीटर खोल. मानेच्या आत. कोणाला दिसणार?

शिसेबहाद्दर

मला माहीत असेल.

ट्रेंटकाठचा

बहाद्दर, तुमच्यासाठी मध्यम मार्ग: मूळ डोक्याला भोक नाही. मानेत चुंबक, मूळ डोक्याच्या खाली कापाच्या मापाची पत्र्याची चकती, पाण्याने सुटणाऱ्या गोंदाने चिकटवलेली. हवी तेव्हा निघेल. माझ्या डोक्याला मात्र चुंबक.

शिसेबहाद्दर

मान्य. पत्रा बिस्किटाच्या डब्याचाच घे.

आम्ल_अल्कली

डबा कापू नका, त्यातच ठेवायच्यात ना मूर्ती?

डोंबिवली_ऑर्क

तुझ्या डोक्यातला चुंबक गोंद लावायच्या आधी मानेवर टेकवून ध्रुव तपास रे. वरच्या बाजूला मार्करने ठिपका कर. पहिल्यांदा सगळेच विसरतात.

ट्रेंटकाठचा

प्रतिसाद उशिरा वाचला. उडालं. टीव्हीच्या मागे कुठेतरी आहे, टॉर्च घेऊन शोधतोय.